ग्रंथपुरस्कारांची परंपरा आणि तलावांचा जिल्हा

स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर होतात तेव्हा बातमीत कादंबरी, कविता, नाटक यांची नावे वर असतात. यादी जसजशी खाली येते तसतशी वर्तमानपत्रातली जागा संपत जाते. या खालच्या भागात शेती व शेतीपूरक व्यवसायांवरील लेखनासाठी वसंतराव नाईक पुरस्कार असतो, विज्ञान व तंत्रज्ञानासाठी महात्मा जोतीराव फुले पुरस्कार असतो, अर्थशास्त्रासाठी सी. डी. देशमुख पुरस्कार असतो आणि पर्यावरणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख पुरस्कार असतो. आज ज्याला शाश्वत विकासाचा अभ्यास म्हणतात त्याला मराठी ग्रंथापुरती राज्याची दाद मिळते ती या चार ओळींत. या ओळी यादीत कशा आल्या, त्यामागे कोणती परंपरा आहे आणि भंडारा जिल्ह्याचा तिच्याशी काय संबंध, हे या स्मरणिकेत नोंदवून ठेवावे असे वाटते. आपल्या जिल्ह्याकडे अभ्यासाचा विषय तीन शतकांपासून तलावांच्या पाळीआड साठून आहे. त्यावरचे मराठी ग्रंथ मात्र बोटांवर मोजण्याइतके आहेत.

विद्वत्तेला बक्षीस देण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला श्रावणात दक्षिणा वाटायला सुरुवात केली, पुढे पेशव्यांनी ती प्रथा पुण्यात वाढवली. दूरदूरचे शास्त्री-पंडित येत, त्यांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळे. ही दाद ग्रंथाला नव्हती, पाठांतराला आणि जातीला होती. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने हात आखडता घेत ती चालू ठेवली. १८४९-५० च्या सुमारास लोकहितवादी आणि पुण्यातल्या काही तरुण सुधारकांनी मागणी केली की या निधीतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी मंडळी खवळली. त्या वेळी जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी सुरू झाली आणि मराठी पुस्तकाला पारितोषिक देणारी पहिली सरकारमान्य व्यवस्था उभी राहिली.

त्याच जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. पुढे १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्यातले पहिले काही भाग ‘दीनबंधू’त छापून आले आणि मग छपाई थांबली. पूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालाच नाही. पारितोषिकाची तर गोष्टच सोडा. आज हा ग्रंथ पुन्हा वाचताना जाणवते की शेतीच्या टिकाऊपणाचा एवढा नेमका विचार त्या काळी मराठीत दुसऱ्या कुणी मांडला नव्हता. डोंगरटेकड्यांवरून वाहून येणारा पालापाचोळा आणि काळी माती शेतात कशी मुरवावी, त्यासाठी ताली आणि बंधारे कसे घालावेत, त्या कामाला सरकारने आपले पोलिस आणि लष्करातले शिपाई का लावावेत, नव्या जंगल खात्याने गरिबांची गुरे आणि चराईची राने कशी हिरावून घेतली, हे सगळे त्यात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या समितीने ज्याची दखल घेतली नाही त्याच माणसाच्या नावाने आज महाराष्ट्र शासन विज्ञानग्रंथाला पुरस्कार देते. परीक्षकांना समोरच्या हस्तलिखिताची किंमत कळायला कधी कधी शंभर वर्षे लागतात, हे या परंपरेच्या आरंभीच दिसून आले आहे. आजच्या परीक्षकांनीही ते विसरू नये.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. १८९४ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी स्थापन झाली. पुढे तीच महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था झाली आणि नाना शास्त्रांवरच्या मराठी पुस्तकांना बक्षिसे देऊ लागली. आपल्या भागात १४ जानेवारी १९२३ ला, मकरसंक्रांतीच्या दिवशी, अमरावतीला विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. संघाचे कार्य नंतर नागपुरात स्थिरावले. कथा-कवितेच्या जोडीने शास्त्रीय लेखनालाही वार्षिक पुरस्कार देण्याची प्रथा संघाने पाळली. विदर्भातल्या अभ्यासकाला आपल्या घरच्या माणसांची दाद मिळण्याची सोय झाली ती इथून.

भंडारा मात्र या काळात वेगळ्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जिल्हा आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता. त्यामुळे या जिल्ह्याबद्दलचे पहिले अभ्यासपूर्ण लेखन मराठीत झाले नाही. ते महसुलाच्या गरजेपोटी इंग्रजीत झाले. १८६७ साली ए. जे. लॉरेन्स यांचा जमाबंदीचा अहवाल आला. १९०८ मध्ये आर. व्ही. रसेल यांच्या संपादनाखाली जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला, त्यात कोहळी समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. तलाव बांधण्यात आणि ऊस-धान पिकवण्यात या समाजाचा हातखंडा कसा होता ते त्यात लिहिले आहे. ही पुस्तके मोलाची आहेत, पण ती ज्यांच्याविषयी लिहिली त्यांच्या हाती कधी पडली नाहीत. साकोलीच्या कोहळ्याला आपल्या आजोबाच्या कसबाचे वर्णन वाचायला इंग्रजी शिकावे लागले असते.

हे कसब काय होते ते जरा जवळून पाहू. वैनगंगेच्या पूर्वेला, साकोली, लाखनी, लाखांदूरपासून ते पलीकडे अर्जुनी-मोरगावपर्यंत, बुटक्या टेकड्यांची रांग आणि मधली उतरती जमीन आहे. पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो सारा तीन-साडेतीन महिन्यांत. धानाला शेवटचे पाणी हवे असते ते नेमके पाऊस ओसरल्यावर, पीक गर्भात आल्यावर. त्या एका पाण्यासाठी ही सारी मांडणी उभी राहिली. दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत मातीची पाळ घालायची. पाळीच्या पोटात पाणी सोडायला तुडूम बसवायचे आणि बाजूला जादा पाणी वाहून जायला सलंग ठेवायची. वरच्या तलावाची सलंग वाहिली की पाणी खालच्या तलावात, तिथून लहान तळ्यात म्हणजे बोडीत, बोडीतून धानाच्या शेतात म्हणजे बांधीत. तुडूम कधी उघडायचे, कुणाच्या बांधीला आधी पाणी, कुणाच्या नंतर, हे गावाने ठरवायचे आणि पाणकराने पाळायचे. उन्हाळ्याकडे तलाव मागे सरला की मोकळ्या झालेल्या ओल्या जमिनीवर पीक घ्यायचे, त्याला गाळपेर म्हणतात. ढिवर मासे धरत, शिंगाडा लावत. गुरे त्याच पाण्यावर येत. एका पाळीच्या आधाराने गावातल्या सगळ्या जातींची पोटे भरत होती, जरी वाटा सारखा नव्हता. तोही अन्याय या मांडणीचा भाग होता आणि अभ्यासकाने तो लपवू नये.

परंपरेने सांगितले जाते की चांद्याच्या गोंड राजांनी, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा करार करून हा मुलूख वसवला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळातही तलाव वाढत गेले. नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. तलावाभोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात आणि पाळ बांधायला त्यांनी मदत केली असे गावकरी मानतात. कोलू पाटलांचा पुढे कोलासूर देव झाला, त्यांचे ठाणे त्यातल्याच एका शिखरावर आहे. ज्या माणसाने पाणी अडवले त्याला लोकांनी देव केले. समाजाने आपल्या अभियंत्याला दिलेला याहून मोठा पुरस्कार मला ठाऊक नाही.

किती तलाव होते? दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या लिखाणात कोहळ्यांनी भंडारा जिल्ह्यात बांधलेल्या तलावांचा आकडा ४३,३८१ असा दिलेला आहे. शासनाच्या आजच्या हिशेबात पूर्व विदर्भात मिळून ६,८६२ माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना मामा तलाव म्हणतात आणि लोकांच्या तोंडीही आता तेच बसले आहे. दोन्ही आकड्यांची मोजदाद वेगळी, हद्द वेगळी, कशाला तलाव म्हणायचे आणि कशाला बोडी याचा निकषही वेगळा. तरीही त्यांच्यामधल्या अंतराचा गावोगाव जाऊन शोध घेणारा ग्रंथ मराठीत यायला हवा. तो अजून आलेला नाही.

मध्य प्रदेश सरकारच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणाऱ्यांची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, याबद्दल शंका नाही. पण मालगुजाराबरोबर पाळीची निगाही गेली. गावाचे पाणी खात्याचे झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. पाणकराचे पद कागदावर उरले नाही. तलाव गाळाने भरत गेले, काठाने बेशरम हे तण पसरले. मासेमारीसाठी ढिवरांच्या सहकारी संस्था झाल्या आणि रोहू, कतला, मृगळ यांचे बीज तलावात आले. स्थानिक मासे मागे पडत गेले. एवढा मोठा बदल दोन पिढ्यांत झाला. त्यावरचे कागद कचेऱ्यांत आहेत, आठवणी म्हाताऱ्यांजवळ आहेत, पण ग्रंथ नाही.

कागदांचा विषय निघालाच आहे तर वाजिब-उल-अर्जबद्दल सांगायला हवे. मध्य प्रांताच्या जमाबंदीत प्रत्येक गावासाठी असा एक दस्तऐवज तयार होई. गावाच्या रूढी त्यात लिहिलेल्या असत. तलावाचे पाणी कुणाला, रस्ता कुठून, मासे धरण्याचा हक्क कुणाचा, हे त्यात सापडते. त्याच्या जोडीला निस्तार पत्रक असते, त्यात गुरचराई, सरपण, माती-मुरूम यांची व्यवस्था. विशेष म्हणजे हे केवळ इतिहासातले कागद नव्हेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आजही आहेत. सामाईक पाण्याचा कारभार गावाने कसा चालवावा याचे नियम गावागणिक लिहून ठेवलेले असे दुसरे साधन राज्याच्या इतर भागांत सहसा मिळत नाही. विद्यापीठांत शाश्वत विकासावर परिसंवाद होतात, भित्तिपत्रके लागतात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात हे बस्ते कसरीच्या स्वाधीन असतात, याचे मनापासून दुःख होते.

आता पुरस्कारांकडे परत येतो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर लगेच, १९६० मध्येच, यशवंतराव चव्हाणांनी साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन केले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मराठी ही ज्ञानभाषा व्हायची तर शास्त्रीय ग्रंथ मराठीतच लिहिले गेले पाहिजेत, ही त्यांची धारणा होती. विश्वकोशाचे काम त्यातूनच उभे राहिले. आपल्या नागपुरात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झाले आणि पदवीच्या पातळीवरची अनेक विषयांची मराठी पुस्तके त्याने काढली. ते मंडळ पुढे बंद पडले. विदर्भातल्या मराठी शास्त्रीय लेखनाचे त्याने मोठे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरस्कार हा लिहून झालेल्या ग्रंथाचा सन्मान करतो. ग्रंथ लिहिला जावा यासाठी लागणारे पाठबळ तो देऊ शकत नाही.

राज्य वाङ्मय पुरस्कारांची पद्धत साधी आहे. एका वर्षात प्रथमावृत्ती निघालेली पुस्तके लेखक किंवा प्रकाशक पाठवतात, त्या त्या विषयाचे जाणकार परीक्षण करतात आणि पुरस्कार २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने दिले जातात. प्रौढ वाङ्मयातल्या पुरस्काराची रक्कम एक लाख रुपये आहे. साहित्याच्या प्रकारांबरोबर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शेती, विज्ञान, पर्यावरण असे विषय स्वतंत्र ठेवले, ही या योजनेची सर्वांत चांगली बाजू. राज्यशास्त्र व समाजशास्त्राच्या पुरस्काराला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९५४ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि इथल्या मतदारांनी त्यांना निवडून दिले नाही, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने विसरू नये. परीक्षकांच्या स्वायत्ततेला या योजनेत धक्केही बसले. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेला अनुवादाचा पुरस्कार सरकारने मागे घेतला, तेव्हा साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या आणि परीक्षण समितीच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले. ते राजीनामे या संस्थेच्या इतिहासातले मानाचे पान आहेत.

पर्यावरणाच्या पुरस्काराला डॉ. पंजाबरावांचे नाव का, असे काही जण विचारतात. २७ डिसेंबर १८९८ ला अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस विलायतेला जाऊन वेदवाङ्मयातल्या धर्मविचारावर प्रबंध लिहून आला, शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचे कृषी खाते सांभाळले. विदर्भात पर्यावरण म्हणजे आधी शेत, बांध आणि पाणी. वाघ-जंगल त्याच्या नंतर येते. म्हणून हे नाव योग्यच आहे.

वाघ-जंगलावरून मारुती चितमपल्लींकडे वळतो, कारण या जिल्ह्याला मराठी ग्रंथात आणले ते त्यांनी. ५ नोव्हेंबर १९३२ ला सोलापूरला जन्मलेला हा वनाधिकारी नोकरीने नवेगाव बांध आणि नागझिऱ्याला आला तेव्हा दोन्ही ठिकाणे भंडारा जिल्ह्यातच होती. नवेगावला त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. कोलू पाटलांच्या वंशातले माधवराव तलावाचे, पाखरांचे आणि माशांचे चालते-बोलते जाणकार होते. चितमपल्लींनी त्यांना गुरू मानले आणि पुस्तकांत त्यांचे ऋण नावानिशी नोंदवले. ‘रानवाटा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, दमाणी पुरस्कारही मिळाला. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

त्यांना पुरस्कार मिळाले ते मुख्यतः ललित लेखक म्हणून. ते यथायोग्यच होते. पण मला त्यांचे कोश अधिक मोलाचे वाटतात. ‘पक्षिकोशा’त त्यांनी पाखरांची शास्त्रीय नावे देऊन थांबणे पसंत केले नाही. गोंड, ढिवर, माडिया यांच्या बोलीतली, गावागावांत वेगळी असणारी नावे गोळा केली. हे काम संदर्भग्रंथांच्या कपाटात बसून होत नाही. त्यासाठी पाळीवर बसून म्हाताऱ्या माणसाचे ऐकावे लागते. संशोधनाची ही रीत भंडाऱ्याच्या मातीत रुजलेली आहे आणि आपण तिचा अभिमान बाळगावा.

तीच रीत पुढे चालवणारी संस्था म्हणजे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि मंडळाचे कार्यक्षेत्र असलेला अर्जुनी-मोरगाव तालुका तिकडे गेला, तरी नावात भंडारा राहिला. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांबरोबर तलावांचा अभ्यास केला. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणती पाण्याखाली वाढते, कोणती तरंगते, कोणती अर्धी पाण्याबाहेर असते, हे ढिवरांना ठाऊक होते. अभ्यासाने ते मांडले आणि मग कृती झाली. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, पावसाआधी स्थानिक पाणवनस्पती लावल्या. पाणी आले, वनस्पती वाढल्या, त्यांच्या आसऱ्याने गावठी मासे वाढले आणि माशांमागे पाखरे आली. शास्त्रीय भाषेत याला परिसंस्थेचे पुनरुज्जीवन म्हणतील. इथे ज्ञान ढिवरांचे होते, मांडणी अभ्यासकांची होती आणि फळ दोघांना मिळाले.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने अभ्यास गट ही गोष्ट गावाच्या कारभाराचाच भाग केली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गाव आधी अभ्यास करी, मग ठराव. २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ते होते. मिलिंद बोकील यांनी या गावावर मराठीत पुस्तक लिहिले. असे पुस्तक भंडाऱ्याच्या एखाद्या तलावगावावर व्हायला हवे, हे मी कितीदा तरी मित्रांशी बोललो आहे.

जगातही दाद देण्याची दिशा बदलली आहे. १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालाने शाश्वत विकास हा शब्दप्रयोग रूढ केला, २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टे ठरवली. त्यानंतर या विषयावरच्या अभ्यासग्रंथांसाठी विद्यापीठे आणि विद्वत्सभा खास पुरस्कार देऊ लागल्या. पण ज्या ग्रंथाने आपल्यासारख्या गावांची बाजू जगापुढे मांडली तो या पुरस्कारांच्या आधीचा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये सामाईक साधनांच्या कारभारावर पुस्तक लिहिले. स्पेनमधले पाटकरी, फिलिपिन्समधल्या शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था, जपान आणि स्वित्झर्लंडमधली गावराने अशी उदाहरणे देऊन त्यांनी दाखवले की सामाईक पाणी-कुरण लोक आपसांत नियम करून शतकानुशतके सांभाळू शकतात. ते सरकारकडे किंवा खाजगी मालकाकडेच दिले पाहिजे असे नाही. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी सांगितलेल्या अटी वाचताना पाणकर, तुडूम आणि वाजिब-उल-अर्ज यांची आठवण होतेच. हद्द ठरलेली असावी, नियम स्थानिक असावेत, देखरेख करणारा गावाला जबाबदार असावा, चुकणाऱ्याला दंड चढत्या क्रमाने असावा. आपल्या गावांनी हे पाळले होते आणि आपण ते लिहून ठेवले नाही.

याच जिल्ह्यात गोसीखुर्दही आहे. २२ एप्रिल १९८८ ला पवनी तालुक्यात राजीव गांधींच्या हस्ते कोनशिला बसली आणि पुढे २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. एका बाजूला गावाने बांधलेले हजारो लहान तलाव, दुसऱ्या बाजूला वैनगंगेवरचे एक मोठे धरण, बुडालेली गावे, लांबलेले पुनर्वसन. दोन्ही पाण्यांची तुलना करणारा, आकडे आणि माणसे दोन्ही सांभाळणारा ग्रंथ मराठीत आला तर तो केवळ जिल्ह्याचा राहणार नाही. असा ग्रंथ लिहिणाऱ्याला दोन-तीन वर्षे फिरावे लागेल, दस्तऐवजांच्या नकला काढाव्या लागतील, नकाशे करून घ्यावे लागतील. हा खर्च पुरस्काराच्या रकमेतून मागाहून निघेल असे समजणे म्हणजे पीक आल्यावर बियाणे देण्यासारखे आहे.

म्हणून राज्य वाङ्मय पुरस्कारांच्या पर्यावरण आणि शेती विभागांसाठी दोन सूचना इथे नोंदवतो. पहिली, परीक्षण समितीत एक परीक्षक त्या विषयाच्या क्षेत्रात काम करणारा असावा. धानाच्या पाण्यावरचा ग्रंथ असेल तर पाणी वापरणारा शेतकरी किंवा मत्स्यसंस्थेचा जाणता सभासद का नसावा? दुसरी, ज्या गावांचे ज्ञान ग्रंथात आले त्या गावांच्या वाचनालयांना पुरस्कारप्राप्त ग्रंथाच्या प्रती शासनाने पाठवाव्यात आणि लेखकाने तिथे जाऊन ग्रंथ समजावून सांगावा. जिल्ह्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे आहे, दरवर्षी ग्रंथोत्सव भरतो, तेव्हा यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. विदर्भ साहित्य संघाने शास्त्रीय लेखनाच्या पुरस्काराला जोडून लहानशी अभ्यासवृत्ती ठेवली तर वर सांगितलेली अडचणही काही अंशी दूर होईल.

कामे पुष्कळ पडली आहेत. तालुकावार वाजिब-उल-अर्जांचे संकलन आणि संपादन करायचे आहे. तुडूम आणि सलंगांच्या बांधणीचे सचित्र वर्णन, ढिवरांच्या माशांचा आणि पाणवनस्पतींचा बोलीनावांसह कोश, गाळपेरीचा इतिहास, १९५१ नंतरच्या तलावांच्या व्यवस्थापनाचा कागदोपत्री अभ्यास, हेही व्हायला हवे. यातले एकही काम एकट्या माणसाचे नाही. सुरुवात करायची तर साकोली आणि लाखांदूर तालुक्यांपासून करावी. तिथे तलाव दाट आहेत, ज्यांनी पाणकराच्या हाताखाली बांधीला पाणी घेतले अशी ऐंशीच्या पुढची माणसे अजून काही गावांत आहेत आणि त्यांच्याशी बोलायला आधी परवानगी कुणाचीच लागत नाही.